अंग झडते आहे, ते तोंडातल्या जंतूंमुळे का?

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यात दिग्रस तालुक्यात आमची आठ एकर शेती आहे. माझे सासरे ६२ वर्षांचे असून त्यांना फुफ्फुसाचा कर्करोग आहे. नागपूरला केमोचे तीन डोस झाले. तिसरा होऊन नऊ दिवस झाले आणि चौथा बारा दिवसांनी आहे. पोळ्याला त्यांचे वजन ५८ किलो होते, संक्रांतीला ४९ भरले. कमरेचा करदोडा दोनदा आवळून बांधला, तरी तो घसरतो. सकाळी पातळ वरण-भात आणि संध्याकाळी अर्धी भाकर व भाजीचा रस एवढेच ते खातात. माझ्या दिरांनी मोबाइलवर व्हिडिओ पाहिला की तोंडातले जंतू रक्तात उतरून कर्करोगाच्या रोग्याचे मांस खातात. तेव्हापासून ते बाबांना जळजळीत माउथवॉशने दिवसातून पाच-सहा वेळा गुळण्या करायला लावतात, आणि साखरेवर जंतू वाढतात म्हणून दूध, गूळ, केळी सगळे बंद केले आहे. बाबांचे खालचे दोन दात हालतात, थुंकीत रक्त येते. तालुक्याच्या दातांच्या डॉक्टरांनी दोन्ही दात लगेच काढायला सांगितले असून दीर उद्याच न्यायचे म्हणतात. जंतू खरेच मांस खातात का? दात काढावेत का? शेवटचे एक लहानसे विचारते. बाबा रात्री दूध-भाकर मागतात आणि आम्ही नाही म्हणतो, ते बरोबर आहे का?
— एक सून, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, आपले पत्र मिळाले त्याच संध्याकाळी दातांपुरते उत्तर मी फोनवर कळवले होते, कारण तो प्रश्न सदराच्या दिवसाची वाट पाहण्यासारखा नव्हता. दुसऱ्या दिवशी आपण रक्त तपासून घेतले आणि पांढऱ्या पेशी बऱ्याच उतरल्याचे निघाले, म्हणून दात काढणे थांबले, हे आपण कळवलेत ते फार बरे केलेत. जे तेव्हा घाईत सांगितले, त्यामागचे कारण आधी मांडतो, कारण हीच वेळ गावोगावच्या अनेक घरांवर येते.

केमोचा डोस झाला की साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स सर्वांत खाली जातात. पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात आणि प्लेटलेट्स रक्त थांबवतात. बाबांचा नववा दिवस म्हणजे नेमका या खड्ड्याच्या तळाचा दिवस होता. एरवी दात काढल्यावर सहज भरून येणारी जखम अशा दिवसांत चिघळू शकते, आणि तिथून शिरलेला संसर्ग सगळ्या अंगात पसरू शकतो. तालुक्याच्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. केमो कोणत्या तारखेला झाली, हे बहुधा त्यांना कोणी सांगितलेच नसेल. दात काढायचेच ठरले, तर पेशी वर आल्यावर, पुढच्या डोसच्या आधी काही दिवस ठेवून, नागपूरच्या डॉक्टरांच्या लेखी संमतीने काढावेत. साधारणपणे लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, म्हणजे न्यूट्रोफिल, एक हजाराच्या वर आणि प्लेटलेट्स पन्नास हजारांच्या वर असाव्यात, असे पाहिले जाते. जखम भरायला वेळ हवा म्हणून चौथा डोस चार-सहा दिवस पुढे ढकलायचा का, हे तेच डॉक्टर ठरवतील.

आणखी एक गोष्ट फाईलमध्ये पाहून घ्या. फुफ्फुसाचा कर्करोग हाडांत उतरला असेल, तर हाडे मजबूत राहावीत म्हणून झोलेड्रोनिक ॲसिडचे इंजेक्शन देतात. ते झालेले असताना दात काढला, तर जबड्याचे हाड उघडे पडून महिनोनमहिने न भरण्याचा धोका असतो. म्हणून दातांच्या डॉक्टरांकडे जाताना तोंडी हकिकत पुरत नाही, फाईल न्यावी लागते. हालणारा प्रत्येक दात काढावाच लागतो असेही नाही. हिरडीत पू असेल, दाबल्यावर ठणका लागत असेल, तर तो दात संसर्गाचे घर असतो आणि त्याचा बंदोबस्त करायलाच हवा. नुसता हालत असेल, तर हिरडीखालचा चुना, म्हणजे दातावर साचून कडक झालेला थर, खरवडून काढल्यावर तो पुष्कळदा पूर्वीपेक्षा घट्ट बसतो. आपल्याकडे दात साफ करून घेतले की ते हालू लागतात, अशी पक्की समजूत आहे. खरे असे की ते आधीच हालत असतात, चुन्याच्या थराने तात्पुरते धरून ठेवलेले असतात, आणि थर निघाल्यावर ते कळते. सफाईसुद्धा पेशी वर आल्यावरच करावी. नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय सोयीचे आहे, कारण केमोच्या खेपेतच तिथेही जाऊन येता येते.

आता मुख्य प्रश्न. तोंडातले जंतू मांस खातात का? नाही. बाबांच्या दंडावरचे आणि मांड्यांवरचे मांस कोणताही जिवाणू खात नाही. ते त्यांचे स्वतःचे शरीर मोडून वापरते आहे, आणि तसे करण्याचा हुकूम कर्करोग आणि त्याने पेटलेला दाह, म्हणजे शरीराची सूज आणणारी प्रतिक्रिया, मिळून देतात. वैद्यकात याला कॅकेक्सिया म्हणतात, आपण खंगणे किंवा अंग झडणे म्हणतो. २०११ साली अनेक देशांच्या तज्ज्ञांनी एकत्र बसून त्याची व्याख्या ठरवली. सहा महिन्यांत वजन पाच टक्क्यांहून अधिक उतरले आणि त्यासोबत स्नायू झिजू लागले, तर त्याला कॅकेक्सिया म्हणावे, आणि केवळ नेहमीचा आहार वाढवून तो पूर्णपणे उलटवता येत नाही, असे त्यांनी लिहून ठेवले. बाबांच्या ५८ किलोंचे पाच टक्के म्हणजे तीन किलोदेखील होत नाहीत. त्यांचे नऊ किलो गेले, म्हणजे पंधरा टक्क्यांहून अधिक, आणि तेही पाच महिन्यांत.

उपासमारीत आणि या झिजण्यात फरक आहे. दुष्काळात शेतकऱ्याचे घर आधी कोठीतले धान्य खाते आणि बियाण्याच्या मडक्याला शेवटपर्यंत हात लावत नाही. उपाशी शरीरही तसेच वागते. आधी चरबी जाळते, स्नायू होता होईल तो राखून ठेवते. या आजारात मात्र शरीर कोठीबरोबरच बियाण्यालाही हात घालते. कर्करोगाच्या गाठीतून आणि तिच्याशी झुंजणाऱ्या पेशींतून काही रासायनिक निरोप रक्तात सुटतात, इंटरल्युकिन-६ आणि टीएनएफ हे त्यांपैकी दोन. त्यांतल्या टीएनएफचे एक नाव कॅकेक्टिन असेही होते, म्हणजे खंगवणारा पदार्थ. दोन्ही नावांचा पदार्थ एकच आहे, हे १९८५ साली उलगडले. हे निरोप मेंदूत जाऊन भूक मारतात, यकृताला दाहाची प्रथिने बनवायला लावतात आणि स्नायूतल्या प्रथिनांवर मोडीचा शिक्का मारतात, मग पेशीतली मोडतोडीची यंत्रणा ती प्रथिने तोडत राहते. म्हणून असा रोगी पोटभर जेवला तरी लगेच भरत नाही.

हे मी जरा विस्ताराने लिहितो, त्याला कारण आहे. पूर्वी दवाखान्यात असा रोगी आला की मी घरच्यांना सरळ म्हणायचो, "नीट खाऊ घाला, वजन आपोआप वाढेल." वजन वाढायचे नाही, आणि पुढच्या खेपेला ती घरची बाई, बहुतेक वेळा सूनच, मान खाली घालून बसलेली असायची. एकीने मला सांगितले की शेजारच्या बाया तिच्या तोंडावर म्हणतात, सून पोटाला घालत नाही म्हणून म्हातारा वाळला. माझ्याच वाक्याने ती बोलणी तिच्या वाट्याला आली होती, हे लक्षात आल्यावर मी ते वाक्य टाकून दिले. आपल्या पत्रात तसे कुठे लिहिलेले नाही. तरीही बाबा आपल्या हातच्या जेवणामुळे वाळलेले नाहीत, हे एकदा स्पष्ट लिहिलेले बरे.

मग त्या व्हिडिओत काहीच तथ्य नव्हते का? होते, आणि तेच इथे नेमके समजून घ्यायला हवे. माणसाच्या तोंडात सातशेहून अधिक प्रकारचे जिवाणू आढळतात. दात स्वच्छ राहिले नाहीत की त्यांतले काही, विशेषतः पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस नावाचा, हिरडी आणि दात यांच्यामधल्या फटीत घर करतात. हिरडी सुजते, रक्ताळते आणि दाताच्या आधाराचे हाड विरघळू लागते. अशा हिरडीने माणूस चावतो किंवा ब्रश करतो, तेव्हा थोडे जिवाणू काही मिनिटांसाठी रक्तात शिरतात. हिरडीचा आजार जुना असलेल्यांच्या रक्तात दाह दाखवणारे सीआरपी हे प्रथिन थोडे वाढलेले असते आणि हिरडीवर उपचार केल्यावर ते काहीसे उतरते. शिवाय माणूस दिवसभरात अर्धा ते दीड लिटर लाळ गिळतो आणि तिच्यासोबत तोंडातले जिवाणू पोटात जातात. एरवी पोटातले आम्ल त्यांतले बहुतेक मारून टाकते. आम्ल कमी करणारी गोळी रोज चालू असली, तर त्यांतले अधिक आतड्यापर्यंत पोचतात. तोंडातल्या फ्युसोबॅक्टेरियम नावाच्या जिवाणूचे अंश मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या गाठींत विपुल असल्याचे २०१२ साली दोन गटांनी दाखवले. त्याच वर्षी बेल्जियममधल्या संशोधकांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या उंदरांना आतड्यातले काही चांगले जिवाणू चारले, तेव्हा दाह आणि स्नायू झिजण्याच्या खुणा कमी झाल्या. म्हणजे तोंड, आतडे, दाह आणि स्नायू यांच्यात काही धागा असावा, हे संशोधकांना पटलेले आहे आणि त्यावर काम चालू आहे.

परंतु सोबत दिसणे आणि कारण असणे यांत अंतर आहे. कपाशीचे उदाहरण घ्या. पऱ्हाटी लाल पडते आणि पानाखाली तुडतुडे दिसतात. कधी तुडतुड्यांनीच पान लाल केलेले असते, कधी जमिनीत मॅग्नेशियम कमी पडलेले असते, कधी रात्रीचा गारठा वाढलेला असतो, आणि आधीच अशक्त झालेल्या झाडावर तुडतुडे मागाहून येऊन बसलेले असतात. जो शेतकरी प्रत्येक वेळी फवारणीचा पंप पाठीवर घेतो, त्याचा पैसाही जातो आणि पीकही सुधारत नाही. कर्करोगाच्या रोग्याचे तोंड बिघडलेले सापडते, त्यातही बाण दोन्ही बाजूंनी जातो. बिघडलेले तोंड दाहात भर घालत असेल, आणि खंगलेल्या माणसाचे तोंडही बिघडतेच. त्याला ब्रश हातात धरायची ताकद नसते, लाळ आटते, चावणे थांबते, प्रतिजैविकांचे कोर्स झालेले असतात. घरात मूळ आग कर्करोगाची लागली आहे. सुजलेली हिरडी फार तर त्यात काड्या टाकत असेल. काड्या टाकणे बंद करायचेच, फक्त तेवढ्याने आग विझेल असे समजायचे नाही. त्याच व्हिडिओवरून कोणी मेट्रोनिडाझोलसारख्या प्रतिजैविक गोळ्या दुकानातून आणायला निघाले असेल, तर तेही थांबवावे.

माझ्या मते बाबांच्या बाबतीत तोंडाचे महत्त्व वेगळ्याच वाटेने आहे, आणि ती वाट प्रयोगशाळेतली नसून ताटातली आहे. दुखणाऱ्या तोंडातून घास उतरत नाही. आज संध्याकाळी बाबा भाकर खातील, तेव्हा त्यांच्यासमोर बसा आणि काही न बोलता पाहा. घास कोणत्या बाजूला नेतात, पुढच्या दातांनी तोडतात की हाताने बारीक करून मागे सारतात, गिळताना मान पुढे काढतात का, दोन घासांमध्ये किती वेळ थांबतात, आणि पाणी घासासोबत लागते का. भूक नाही म्हणून थांबणारा माणूस ताट सरकवतो. तोंड दुखते म्हणून थांबणारा ताट समोर ठेवून त्याकडे पाहत बसतो. हा फरक कोणत्याही रक्ततपासणीत दिसत नाही, तो रोज जेवण वाढणाऱ्यालाच कळतो.

जेवणानंतर खिडकीपाशी बसवून, मोबाइलच्या टॉर्चने, स्टीलच्या चमच्याच्या पाठीमागच्या बाजूने गाल हलकेच बाजूला करून तोंड पाहा. गालाच्या आतली बाजू, जिभेच्या कडा, जिभेखालची जागा आणि टाळू. लाल चट्टे किंवा फोड म्हणजे केमोने आलेले तोंड. पांढरे, दह्याच्या कवडीसारखे थर असतील आणि पुसल्यावर खाली लाल दिसत असेल, तर ती बुरशी असते. तिला वेगळे औषध लागते आणि ते घेतल्यावर आठवडाभरात जेवण सुधारलेले मी अनेकदा पाहिले आहे. अंगात १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप भरला, तर मात्र तोंड पाहत बसू नका. केमोच्या रोग्याचा ताप ही तातडीची गोष्ट आहे, रात्र असली तरी त्याच घटकेला दवाखाना गाठायचा.

तो माउथवॉश आजपासून बंद करा. बाजारातल्या बऱ्याच माउथवॉशमध्ये अल्कोहोल असते. ते आधीच सोललेल्या त्वचेला भाजते आणि तोंड कोरडे करते. क्लोरहेक्सिडीनचा असेल, तर तो चव बिघडवतो आणि दातांवर तपकिरी डाग पाडतो. दंतवैद्याने हिरडीसाठी मोजक्या दिवसांपुरता तो लिहून दिला तर गोष्ट वेगळी, पण पाच-सहा वेळा आणि बेमुदत असा तो वापरायचा नसतो. शिवाय तोंडातले सगळेच जिवाणू शत्रू नाहीत. जिभेच्या मागच्या भागावर राहणारे काही जिवाणू पालक आणि चवळाईसारख्या पालेभाज्यांतल्या नायट्रेटचे रूपांतर करतात आणि त्यातून पुढे नायट्रिक ऑक्साइड तयार होते, जे रक्तवाहिन्या सैल ठेवायला लागते. कडक माउथवॉशने हे काम बंद पडते, हे माणसांवरच्या अभ्यासांत दिसले आहे. धुऱ्यावरचे गवत मारायला तणनाशक फवारताना ते पिकावर उडू नये म्हणून आपण वारा पाहतो, इथे तर ते थेट पिकावरच पडते आहे.

त्याऐवजी घरचे पाणी करा. एक लिटर पाणी उकळून कोमट होऊ द्या, त्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ आणि एक सपाट चमचा खाण्याचा सोडा विरघळवा. खाण्याचाच सोडा हवा. धुण्याचा सोडा किंवा पापडखार चालणार नाही. दुकानात नुसता सोडा मागितला की काय पुडीत बांधून मिळेल याचा भरवसा नाही, म्हणून बंद पाकिटातला घ्या. दर जेवणानंतर आणि झोपताना अर्धा मिनिट तोंडात घोळवून थुंकायचे, गिळायचे नाही, आणि रोज ताजे करायचे. हे पाणी जंतू मारत नाही. ते तोंडातले आम्ल उतरवते, अन्नाचे कण धुते आणि चिकट लाळ सैल करते, एवढेच त्याचे काम आहे आणि ते पुरेसे आहे. ब्रश लहान मुलांचा, अगदी मऊ घ्या आणि वापरण्याआधी कोमट पाण्यात बुडवा, म्हणजे तो आणखी नरम होतो. सकाळी आणि रात्री दोनदा, थोडे रक्त दिसले तरी हलक्या हाताने चालू ठेवा. रक्त थांबतच नसेल, तर ब्रश ठेवून डॉक्टरांना फोन करा. बाबा खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचे मिश्रण, खातात की नाही, हे आपण लिहिलेले नाही, आणि आपल्या भागात ते न लिहिणे हेच पुष्कळदा उत्तर असते. खात असतील किंवा नस, म्हणजे तंबाखूची पूड, दातांना घासत असतील, तर हे सगळे करण्याआधी ते थांबले पाहिजे. चुन्याने आणि सुपारीने घासलेल्या तोंडावर कोणतेच पाणी काम करत नाही.

आता ताटाकडे येतो. कर्करोगाच्या रोग्याला वजनाच्या दर किलोमागे रोज २५ ते ३० किलोकॅलरी आणि एक ते दीड ग्रॅम प्रथिने लागतात, असा युरोपातील पोषणतज्ज्ञांच्या संस्थेचा दंडक आहे. बाबांच्या ४९ किलोंना म्हणजे सुमारे १२०० ते १५०० किलोकॅलरी आणि ५० ते ७५ ग्रॅम प्रथिने. आपण लिहिलेल्या आहारात प्रथिने वीस ग्रॅमसुद्धा भरत नसावीत, आणि त्यातच दूध बंद केलेले आहे. अर्धा लिटर दुधात सोळा ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. घरात अंडी चालत असतील, तर दोन अंड्यांत बारा ग्रॅम. मूठभर शेंगदाण्यांच्या कुटात सात ग्रॅम. पातळ वरणाऐवजी पळीतून सावकाश पडेल असे घट्ट वरण केले, तर वाटीमागे आठ-नऊ ग्रॅम. वरण पातळ केल्याने ते पचायला हलके होत नाही, त्यात फक्त पाणी वाढते. आपल्याच वावरातले सोयाबीन पोत्यांनी बाजारात जाते आणि घरातल्या चुलीपर्यंत त्याचा दाणा पोचत नाही, याचे मला नेहमी नवल वाटते. ते वीस मिनिटे उकळून, उन्हात वाळवून, सहा वाट्या ज्वारीला एक वाटी या प्रमाणात दळून आणा. भाकर नरमही होते आणि तिचा कसही वाढतो. कच्चे सोयाबीन मात्र दळू नका, ते पचत नाही.

तोंड सोललेले असेपर्यंत तिखट, लोणचे, संत्र्याचा रस आणि गरम चहा दूर ठेवा. बिनतिखटाची गोळ्याची कढी, तूप सोडलेली मुगाची मऊ खिचडी, कुस्करलेले केळे, साय घातलेली रव्याची खीर हे उतरेल. एका वेळी भरलेले ताट समोर ठेवू नका, ते पाहूनच अशा माणसाची इच्छा जाते. दोन-दोन तासांनी अर्धी वाटी द्या. पेशी उतरलेल्या आठवड्यात न उकळलेले दूध, कच्ची किंवा अर्धवट शिजलेली अंडी आणि उघड्यावरचे दही-मही टाळा. साखरेबद्दल म्हणाल, तर घरातून गूळ बंद केल्याने कर्करोग उपाशी मरत नाही. शरीर स्नायू मोडून साखर तयार करते आणि गाठीला ती मिळत राहते. दात किडू नयेत म्हणून गोड खाल्ल्यावर सोड्याच्या पाण्याने एक गुळणी करावी, एवढे पुरे.

नागपूरला जाल तेव्हा डॉक्टरांना एक गोष्ट आवर्जून विचारा. पुदुच्चेरीच्या जिपमर या संस्थेत पोट, यकृत-स्वादुपिंड आणि फुफ्फुस यांचा कर्करोग असलेल्या १२४ रुग्णांवर एक चाचणी झाली आणि ती २०२३ साली प्रसिद्ध झाली. केमोसोबत बारा आठवडे रोज अडीच मिलिग्रॅम ओलान्झापिन घेणाऱ्यांपैकी ६० टक्के रुग्णांचे वजन पाच टक्क्यांहून अधिक वाढले. नुसती दिसायला सारखी, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ९ टक्के होते. हे औषध मुळात मानसिक आजारांसाठीचे आहे, म्हणून चिठ्ठीवर नाव वाचून घरचे दचकतात. त्याने झोप येते आणि ते सर्वांना चालत नाही. दुकानातून परस्पर आणू नका, पण विचारल्याशिवायही राहू नका. गोळी स्वस्त आहे. त्याबरोबरच स्नायूंना थोडे काम हवे. नुसत्या खाटेवर पडून राहिलेल्या स्नायूला प्रथिने मिळाली तरी तो ती धरून ठेवत नाही. बाजेच्या कडेवर बसून हातांचा आधार न घेता उठायचे आणि पुन्हा बसायचे, असे पाच वेळा, सकाळ-संध्याकाळ. मग अंगणात तुळशीपर्यंत जाऊन यायचे. धाप लागली किंवा चक्कर आली की थांबायचे.

मोजायला वजनकाट्यासोबत एक दोरीही ठेवा. डाव्या दंडाच्या मध्यावर, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मधे, दर रविवारी ती गुंडाळून गाठ मारा आणि शेजारी तारीख लिहून ठेवा. पायांवर सूज आली, तर वजन वाढलेले दिसते आणि सगळ्यांना आनंद होतो. दोरीची गाठ मात्र फसत नाही.

दिरांना आपण कसे सांगाल, हा पत्रात न विचारलेला पण ओळींमधून दिसणारा प्रश्न आहे. त्यांना चूक ठरवू नका. तोंडाकडे लक्ष द्यायला हवे, हे घरात पहिल्यांदा त्यांनीच ओळखले, आणि रोज पाच-सहा वेळा गुळण्या करवणारा माणूस बापावर जीव असल्याशिवाय तेवढे करत नाही. तेच काम त्यांच्याकडे राहू द्या. फक्त बाटली बदला. सोड्याचे पाणी उकळणे, टॉर्चने तोंड पाहणे, रविवारी दोरी बांधणे आणि फाईल घेऊन दंत महाविद्यालयात जाणे ही कामे त्यांच्या नावावर केली, तर माउथवॉश आपोआप मागे पडेल.

आणि दूध-भाकर. द्या, आज रात्रीच द्या. ज्वारीची भाकर गरम असतानाच तिचा वरचा पापुद्रा आणि कडक कडा काढून ठेवा, आतला मऊ भाग बारीक कुस्करा आणि उकळून कोमट केलेल्या दुधात पंधरा-वीस मिनिटे झाकून भिजू द्या. मग चमच्याने घोटून त्यात चवीपुरता गूळ आणि अर्धा चमचा तूप घाला. दात लागू नयेत इतके ते मऊ झाले पाहिजे. बाबांना उशी देऊन ताठ बसवा, वाटी त्यांच्याच हातात द्या, आणि संपल्यावर झोपण्यापूर्वी एक गुळणी करायला लावा.